उजवा ओळंबा हलला

ओळंबाताईच्या गॅरेजात धडधाकट गाडी कधी यायचीच नाही. एखादी खांबाला धडकून नाक चेपून यायची, एखादी खड्ड्यात आदळून कंबर मोडून घ्यायची, एखादीचा मागचा भाग पुढच्याशी अबोला धरून बसलेला असायचा. अशा वाकड्या गाड्यांचे सांगाडे सरळ करायचे, हा तिचा धंदा. साखळ्या लावायच्या, जॅकने हळूहळू ओढायचं, आणि ओढण्यापेक्षा दुप्पट वेळ मोजत बसायचं. रंग, काचा, गाद्या यांत तिला काडीचा रस नव्हता. "गाडी दिसते कशी ते नका सांगू, उभी कशी राहते ते सांगा," असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर म्हणायची.

हे खूळ आलं होतं वडिलांकडून. ते गवंडी. शाळेला सुट्टी असली की दोन्ही मुलींना बांधकामावर घेऊन जायचे. धाकटी वाळूच्या ढिगावरून घसरगुंडी करायची आणि संध्याकाळी केसांत अर्धा ढीग घेऊन घरी यायची. थोरली मात्र बाबांच्या पायात पायात. दोरीला टांगलेला तो टोकदार पितळी ओळंबा तिला फार आवडायचा. सोडला की आधी इकडेतिकडे झुलायचा, मग हळूहळू शहाणा व्हायचा आणि शांत उभा राहायचा. भिंतीजवळ धरला की भिंतीचं बिंग फुटलंच म्हणून समजा. "भिंत किती का साळसूद दिसेना, पोरी," बाबा म्हणायचे, "हा सांगेल ते ऐकायचं."

मोठी झाल्यावर ती बसच्या कारखान्यात सांगाड्यांच्या विभागात लागली. तिथे सगळे टेप घेऊन गाडीखाली सरपटायचे. ही बसच्या पोटाला चार ओळंबे टांगायची, टोकाखाली जमिनीवर खडूच्या खुणा करायची, बस बाजूला काढायला लावायची आणि मग त्या खुणांमध्ये दोऱ्या ताणून आरामात उभ्याने मोजायची. पहिल्या आठवड्यात लोक हसले, दुसऱ्यात गप्प बसले, तिसऱ्यात "ओळंबा कुठे गेली? तिला बोलवा" असं म्हणायला लागले. नावापुढे ताई वयाने लागलं. पुढे तिने स्वतःचं गॅरेज टाकलं. लग्नाचं कुणी विचारलंच तर म्हणायची, "दिवसभर जुळवाजुळवच करते की. घरी गेल्यावर तरी नको."

धाकटी अगदी दुसऱ्या टोकाची. ती रुग्णवाहिका चालवायची. तिच्या गाडीतून गेलेले रुग्ण पुढे सांगायचे की दुखणं कधीच विसरलो, वळणं मात्र अजून आठवतात. एवढं करूनही तिचं वेगाचं पोट भरायचं नाही. सुट्टीच्या दिवशी ती घाटाच्या शर्यतीत उतरायची. रस्ता बंद करायचा, एका वेळी एकच गाडी सोडायची, पायथ्यापासून माथ्यापर्यंत कोण सर्वांत कमी वेळात जातं ते पाहायचं, अशी ती शर्यत.

या वर्षी धाकटीने स्वतःची गाडी बांधली होती. भंगारातून एक जुनी, लांबुळकी, चार दारांची गाडी उचलली. तिच्यात मोठं इंजिन बसवलं. त्या इंजिनाचा जोर जुन्या मागच्या अ‍ॅक्सलला पेलणार नव्हता, म्हणून एका छोट्या टेम्पोचा जाडजूड अ‍ॅक्सल आणला. तिचा नवरा वेल्डर. त्याने महिनाभर खपून तो अ‍ॅक्सल गाडीच्या पाट्यांवर, म्हणजे मागच्या लांब पोलादी स्प्रिंगांवर, बसेल असे ठेपे वेल्ड करून दिले. मग गाडी जमिनीलगत यावी म्हणून पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्या मधे लोखंडी ठोकळे घातले. रुंद टायर आले, पिवळा रंग आला. गाडी उभी असली की पाहणाऱ्याची नजर हटत नसे.

पण चालायला लागली की लोक हसायचे. कारण ती तिरकी चालायची.

शर्यत एका दिवसावर आली आणि धाकटी सकाळीच ओळंबाताईच्या गॅरेजात येऊन थडकली. गॅरेजचा रस्ता मोठ्या सडकेवरून खाली उतरायचा. ती पिवळी गाडी ब्रेक मारत मारत, कुरकुरत उतरली आणि दारात थांबली. पाठोपाठ सायकलवरून तिचा नवरा आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"एका घरातून दोन वाहनांनी?" ओळंबाताईने विचारलं.

"मी त्याला गाडीत बस म्हटलं होतं," धाकटी म्हणाली.

"ताई, जिच्या तोंडून काल रात्री जेवताना माझं वेल्डिंग वाकडं आहे असं सात वेळा ऐकलं, तिच्या गाडीत मी बसू?" मेहुणे सायकल भिंतीला टेकवत म्हणाले. एरवी हा माणूस इतका शांत, की वेल्डिंगच्या ठिणग्यासुद्धा त्याच्यापुढे दबकून उडाव्यात. आज मात्र कान लाल झाले होते.

"वाकडं आहे म्हणूनच म्हटलं!"

"थांबा," ओळंबाताई म्हणाली. "चोर कोण ते ठरायच्या आधी कुणाला फाशी द्यायची नाही. गाडी काय करते ते सांग. तुला काय वाटतं ते नको, गाडी काय करते ते."

कोपऱ्यात खुर्चीवर बाबा बसले होते. गवंडीकाम सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण सकाळ झाली की थोरलीच्या गॅरेजात येऊन बसायचं हे त्यांचं ठरलेलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. अशी भांडणं ऐकायला मिळावीत म्हणूनच ते येत असावेत, असा ओळंबाताईला संशय होता.

धाकटीने बोटं मोडत सांगितलं, "सरळ रस्त्यावर जोर दिला की ती उजवीकडे जाते. स्टिअरिंग डावीकडे धरून ठेवावं लागतं. मागून येणाऱ्याला माझं उजवं दार दिसतं म्हणे. घाटात उजवं वळण आलं की शेपूट बाहेर फेकते, जीव मुठीत. आणि डावं वळण आलं की हिला वळायचाच कंटाळा. एकाच गाडीत दोन गाड्या आहेत गं ताई!"

"आणि ब्रेक मारल्यावर?"

धाकटी थबकली. "ब्रेक मारल्यावर? जोरात मारला की पहिल्यांदा जरा वळवळते, मग... मग सरळ होते वाटतं. ते मी नीट बघितलं नाही."

ओळंबाताईच्या भुवया किंचित वर गेल्या. बाबांनी ते पाहिलं आणि खुर्ची आणखी वीतभर पुढे सरकवली.

इंजिन बंद ठेवून चौघांनी गाडी ढकलत सपाट फरशीवर आणली. ओळंबाताईने अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना, चाकांच्या अगदी आत, एकेक ओळंबा टांगला. पुढच्या बाजूला सांगाड्यावर दोन्हीकडे सारखी असतात अशी भोकं शोधली आणि तिथेही टांगले. चारही ओळंबे शांत होईपर्यंत थांबली. खडूने चार फुल्या मारल्या. गाडी मागे ढकलली आणि फुल्यांवर दोरी ताणली. आधी डावी लांबी, मग उजवी. मग या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरपी दोरी, आणि त्याच दोरीने दुसरं तिरपं अंतर.

दोरी तंतोतंत बसली.

ओळंबाताईने पुन्हा लावून पाहिली. पुन्हा बसली.

"चौकोन बरोबर आहे," ती म्हणाली. "अ‍ॅक्सल सरळ बसलाय. केसाचाही फरक नाही."

मेहुण्यांनी छाती भरून श्वास घेतला. "ऐकलं का कुणी? केसाचाही फरक नाही म्हणाल्या ताई."

"मग ती तिरकी का चालते?" धाकटी जवळजवळ ओरडलीच. "मी चालवते वाकडी? नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायचंय का तुला?"

"मी कुठे काय म्हणालो? तूच म्हणालीस."

"बाबा, सांगा ना याला!"

"मला मध्ये ओढू नका," बाबा म्हणाले. ते अगदी खुशीत होते.

ओळंबाताई खाली बसून त्या चार फुल्यांकडे बघत राहिली. तिच्या आयुष्यात असं क्वचितच झालं होतं. ओळंबा एक सांगतोय आणि गाडी दुसरंच. गाडी तिरकी चालते हे तर तिने स्वतः गेल्या आठवड्यात सडकेवर पाहिलं होतं. मग घोडं पेंड खातंय कुठे? तिच्या छातीत धडधडायला लागलं. भीती नव्हती ती. लहानपणी वाळूतून शिंपला हाताला लागला की व्हायचं तसलं काहीतरी होतं.

"चौकातल्या चाकं तपासायच्या मशीनवर दाखवली होतीस ना?" तिने विचारलं.

"दोनदा. आणि तो माणूस चक्रावला. पहिल्या वेळी म्हणाला मागची चाकं एकदम सरळ. दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर म्हणाला मागचं सगळं डावीकडे तोंड करून बसलंय. मग म्हणाला मशीनच बिघडलं असेल, दोन्ही वेळचे पैसे नको देऊ."

ओळंबाताई ताडकन उठली आणि फोन लावला. चौकातला मशीनवाला तिचा जुना दोस्त. बसच्या कारखान्यात दोघं शेजारीशेजारी काम करायचे. त्याने चाकांची दिशा मोजणारं नवं यंत्र घेतलं तेव्हा पहिली गाडी तिनेच तपासून घेतली होती.

"अरे, ती पिवळी गाडी. तुझं मशीन बिघडलंय का?"

"तीच तर गंमत आहे, ताई," तो म्हणाला. "नंतर मी दहा गाड्या लावल्या. मशीन सोन्यासारखं आहे. तुझ्या बहिणीची गाडीच भुताटकीची दिसते."

"मला एवढंच सांग. पहिल्या दिवशी गाडी रॅम्पवर चढवली कशी?"

"पहिल्या दिवशी? थांब हां... बॅटरी उतरली होती तिची. घाट उतरून आली, माझ्या दारात कचकन ब्रेक मारून थांबली, आणि परत चालूच होईना. आम्ही ढकलून चढवली."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी तिने स्वतः चढवली. तुला माहितीये माझा रॅम्प केवढा उभा आहे तो. रेस केली आणि एका दमात वर. मी बाजूला उडीच मारली."

ओळंबाताईने फोन कानापासून दूर केला. तिच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, की धाकटी भांडण विसरून जवळ आली.

"काय गं?"

"मशीन दोन्ही वेळा खरं बोललं," ओळंबाताई म्हणाली. "आणि माझी दोरीही खरं बोलतेय! धाकटे, तू आत्ता उतारावरून ब्रेक मारत आलीस. मग आपण ढकलत आणली. म्हणून सरळ आहे. अगं, तो अ‍ॅक्सल एका जागी राहतच नाही! तू जोर दिलास की तो सरकतो, आणि ब्रेक मारलास की परत जागेवर येतो!"

"सरकतो?" मेहुणे म्हणाले. "एवढा जाड अ‍ॅक्सल? यू आकाराच्या बोल्टांनी आवळलेला आहे, ताई."

"तेच बघायचंय. चला, उठा सगळे! बाबा, तुम्हीसुद्धा!"

बाबा उठले. त्यांचे गुडघे एरवी उठताना कुरकुरायचे, पण त्या दिवशी कुरकुरले की नाही ते त्यांनाही कळलं नसावं.

ओळंबाताईच्या अंगात वारं शिरलं होतं. तिने गाडी पुन्हा फरशीवर घेतली. पुढच्या दोन्ही चाकांसमोर जाड लाकडी ओंडके ठेवले आणि ते भिंतीला टेकवून पक्के केले, म्हणजे मागच्या चाकांनी कितीही रेटलं तरी गाडी पुढे जाऊ नये. अ‍ॅक्सलला दोन्ही टोकांना ओळंबे टांगले. त्यांच्या टोकांखाली नव्या, बारीक फुल्या मारल्या. धाकटीला आत बसवलं. मेहुण्यांना भिंतीपासून आणि गाडीच्या तोंडापासून लांब, खिडकीच्या बाजूला उभं केलं.

"पहिला गिअर. क्लच हळूच सोडायचा, गाडी जरा ताणली की तिथेच थांबायचं. मी 'बस' म्हटलं की लगेच बंद. शर्यत आज नाही, लक्षात ठेव."

"हो गं बाई."

"बाबा, तुम्ही डाव्या बाजूला. चाकापासून लांबच राहा, तिथून टॉर्च मारा. फक्त टोक आणि फुली बघायची."

"मला शिकवतेस?" बाबा म्हणाले. त्यांनी सवयीने एक डोळा मिटला होता.

ती स्वतः उजव्या बाजूला, जरा अंतर ठेवून, गाल फरशीला टेकवून आडवी झाली. फरशी थंडगार होती. टॉर्चच्या उजेडात पितळी टोक फुलीच्या मधोमध उभं होतं.

"चालू कर!"

इंजिन घुमलं. ओळंबे थरथरले. धाकटीने क्लच अलगद सोडला आणि गाडीने ओंडक्यांना रेटा दिला. मागचे पाटे करकरले.

आणि ओळंबाताईच्या डोळ्यांदेखत ते टोक फुलीवरून उठलं आणि पुढे चालायला लागलं. झोका घेतल्यासारखं नव्हे. सावकाश, सरळ, ठामपणे, बोटभर पुढे.

"माझा गेला!" ती ओरडली. "बाबा, माझा गेला!"

"माझा जागच्या जागी!" पलीकडून बाबांचा आवाज आला. "हलतच नाही बघ! खांबासारखा!"

"बस! बंद कर!"

इंजिन बंद झालं. टोक पुढेच राहिलं होतं. ओळंबाताई उठून बसली. एका गालाला फरशीची धूळ, डोळ्यांत पाणी, आणि ती हसत होती. धाकटी दार उघडून धावत आली, मेहुणे गाडीखाली डोकावले, बाबा गाडीला वळसा घालून आले. चौघंही एका वेळी बोलत होते आणि कुणी कुणाचं ऐकत नव्हतं.

"उजवं टोक पुढे जातं," ओळंबाताईने हातवारे करत समजावलं, "म्हणजे मागची दोन्ही चाकं डावीकडे तोंड करतात. शेपूट डावीकडे चाललं की नाक आपोआप उजवीकडे. म्हणून तू स्टिअरिंग डावीकडे धरतेस! उजव्या वळणावर शेपूट आधीच बाहेर निघालेलं असतं, आणि डाव्या वळणावर तेच आडवं येतं. एकाच गाडीत दोन गाड्या म्हणालीस ना? हीच ती दुसरी!"

"पण का सरकतो?" मेहुण्यांनी विचारलं. आता त्यांच्या आवाजात राग नव्हता. हात मात्र शिवशिवत होते.

"उघडा, कळेल."

गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली. मेहुण्यांनी उजव्या बाजूच्या यू-बोल्टांच्या नटांना पाना लावला आणि चमकून वर पाहिलं. पहिला नट पाना टेकवताच फिरला, हाताने उघडावा तसा. यू-बोल्ट बाजूला झाले. अ‍ॅक्सल जरा वर घेतला आणि पाट्यावरचा तो लोखंडी ठोकळा बाहेर आला.

अशा ठोकळ्याला वरच्या बाजूला करंगळीएवढी एक खुंटी असते. ती अ‍ॅक्सलखालच्या ठेप्याच्या भोकात बसते आणि अ‍ॅक्सलला पुढेमागे जाऊ देत नाही. या ठोकळ्याला खुंटी नव्हती. तिच्या जागी एक गोल, चकचकीत डाग होता, नव्या नाण्यासारखा. खुंटी तुटून पडली होती आणि अ‍ॅक्सल ठोकळ्यावर पुढेमागे घासून घासून लोखंडाला आरशासारखी झळाळी आली होती. भोकात खुंटीचा तुकडा अजून अडकलेला होता.

मेहुण्यांनी आपल्या वेल्ड केलेल्या ठेप्यावरून बोट फिरवलं. वेल्ड शाबूत होतं. मग त्यांनी ठोकळा उलटसुलट करून पाहिला.

"हे ठोकळे मी बनवलेले नाहीत," ते म्हणाले.

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं.

धाकटीने छताकडे पाहिलं. "ते... भंगारवाल्याकडे तयार मिळाले होते. चांगले दिसत होते. मीच बसवले, तू कामावर गेला होतास तेव्हा."

"आणि नट?" ओळंबाताईने विचारलं. "गाडी थोडी चालवून झाल्यावर पुन्हा आवळले होतेस? नव्या रंगाचा थर दबला की नट सैल पडतात."

"पुन्हा आवळायचे असतात?"

मग बाबा हसायला लागले. असे हसले की खुर्ची शोधत गेले. "चोर घरात, आणि पोरगी आठवडाभर वेल्डिंगला शिव्या देतेय!"

धाकटीचा चेहरा गाडीच्या रंगासारखा पिवळा, मग लाल झाला. ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "सात वेळा म्हणाले होते ना मी?"

"सात."

"मग आता सात वेळा उलटं म्हणते. वेल्डिंग उत्तम आहे. वेल्डिंग उत्तम आहे. वेल्डिंग उत्तम आहे. वेल्डिंग उत्तम आहे. वेल्डिंग..."

"पुरे, पुरे," ते म्हणाले. चौथ्यालाच त्यांना हसू फुटलं होतं. "उरलेली तीन उद्या माथ्यावर पोचल्यावर म्हण. आत्ता मला पोलाद कापायचंय."

मग जी धांदल उडाली ती काय सांगावी! मेहुणे सायकलवर टांग टाकून आपल्या वर्कशॉपात गेले आणि कठीण पोलादाचे दोन नवे ठोकळे घेऊन आले, अंगच्याच जाड खुंट्या असलेले, भरीव, वजनदार. डाव्या बाजूची खुंटी तपासली तर तीही अर्धी चिरलेली निघाली. घाटात तीही गेली असती तर, हा विचार मनात आला आणि धाकटीने ताईचा हात घट्ट दाबला. नवे यू-बोल्ट आले. ठेप्यांवरचा रंग खरवडून धातू उघडा केला. नट आवळले, मेहुण्यांनी, मग ताईने, मग धाकटीने, आणि शेवटी "बघू बघू" म्हणत बाबांनीही पाना हातात घेतला.

पुन्हा ओंडके, पुन्हा ओळंबे, पुन्हा टॉर्च. धाकटीने क्लच सोडला. पाटे करकरले.

"माझा जागेवर!" बाबा ओरडले.

"माझाही!"

ऊन कलायला लागलं होतं. गाडी बाहेर काढली आणि धाकटीने किल्ली ओळंबाताईच्या हातात ठेवली.

"मी?" ओळंबाताई म्हणाली. "अगं, मी गाड्या सरळ करते. चालवते ती गॅरेजच्या दारापर्यंत."

"शोधलंस तू. पहिल्यांदा तूच चालवायची. बस म्हणते ना!"

ती बसली. सीट इतकी खाली होती की अंघोळीच्या टबात बसल्यासारखं वाटलं. शेजारी धाकटी. गावाबाहेरची जुनी सडक सरळसोट, रिकामी, दोन्हीकडे माळ. ओळंबाताईने आधी नेहमीसारखं जपून चालवलं. मग धाकटी म्हणाली, "अशाने काय कळणार? दाब!"

तिने दाबलं.

पाठ सीटला चिकटली. मागून कुणीतरी मोठ्या प्रेमाने ढकलावं तशी गाडी सुटली. ओळंबाताईला वाटलं आता उजवीकडे जाईल, हात तयार ठेवले. गाडी गेलीच नाही. सरळ! स्टिअरिंग मध्यभागी आणि रस्ता समोरून येऊन थेट पोटाखाली जात होता. तिने दोन्ही हातांची पकड सैल केली, तरी सरळ. गेली कित्येक वर्षं ती दुसऱ्यांच्या गाड्या सरळ करत होती, पण सरळपणा असा अंगातून धावत जाताना तिने कधी अनुभवला नव्हता. तिच्या तोंडून एक आरोळी निघाली. ती आरोळी आपली आहे हे तिला जरा उशिराच कळलं.

"ताई, ब्रेक!" धाकटी ओरडली. "ताई, सडक संपली!"

ब्रेक लागला. गाडी एका रेषेत थांबली. धाकटी छातीवर हात ठेवून म्हणाली, "आता कळलं माझ्या रुग्णांना काय वाटतं ते."

दुसऱ्या दिवशी घाटाच्या मधल्या उजव्या वळणावर, दोरीच्या मागे, ओळंबाताई, बाबा आणि मेहुणे उभे होते. मशीनवालाही दुकान बंद करून आला होता. "भूत उतरलं का ते बघायला आलो," तो म्हणाला. एकेक गाडी गुरगुरत येत होती, वळणावर कुरकुरत होती, वर नाहीशी होत होती. मेहुण्यांनी नखं खाऊन संपवली होती.

मग खालून तो आवाज आला. जाड, भरलेला, न अडखळणारा. पिवळं नाक दिसलं. वळणाच्या तोंडाशी धाकटीने ब्रेक मारला, आत शिरली आणि पुन्हा जोर दिला. इथेच शेपूट फेकलं जायचं. मेहुण्यांनी डोळे मिटले. ओळंबाताईने मिटले नाहीत. तिने बघितलं: पुढची चाकं जिथून गेली, मागची चाकं त्यांच्याच मागोमाग, आज्ञाधारकपणे, डांबर चावत गेली. गाडी वळणातून सुटली आणि वर उडाली.

"गेली! सरळ गेली!" बाबा काठी हवेत फिरवत होते. शेजारचा एक अनोळखी माणूस थोडक्यात वाचला.

धाकटीचा नंबर दुसरा आला. पहिली आली ती बाई गेली कित्येक वर्षं इथे जिंकत होती, आणि तिनेच खाली येऊन धाकटीला विचारलं, "ही गाडी गेल्या आठवड्यात सरावाला तिरकी पळत होती ना? काय केलंत?" धाकटीने तिचा हात धरून तिला ओळंबाताईसमोर नेलं. मग नवऱ्याकडे वळून, सगळ्या लोकांसमोर, उरलेल्या तीन वेळा खणखणीत आवाजात म्हणून टाकलं. मेहुण्यांचे कान पुन्हा लाल झाले, पण या वेळी कारण वेगळं होतं.

परतताना चौघं एकाच गाडीत बसले. मागच्या सीटवर बाबा आणि ओळंबाताई. बराच वेळ ती खिडकीतून मागे पळणारा घाट बघत होती. बाबांना वाटलं दमली असेल.

"मेहुणे," ती अचानक पुढे वाकून म्हणाली.

"बोला, ताई."

"तुमच्या ओळखीत एखादा जुना सांगाडा आहे का हो? वाकडा असला तरी चालेल. सरळ करून घेईन मी."

धाकटीने इतक्या जोरात मान मागे वळवली की बाबा ओरडले, "पुढे बघ!"

"कशाला हवाय?" मेहुण्यांनी विचारलं.

"पुढच्या वर्षी घाटाच्या शर्यतीत आम्हा दोघी बहिणींची नावं असली तर काही हरकत आहे का?" ओळंबाताई म्हणाली. "आणि धाकटे, आत्तापासून सांगून ठेवते, बहीण म्हणून मी तुला सोडणार नाही."

धाकटीने हॉर्नवर हात ठेवला तो घाट संपेपर्यंत काढलाच नाही.